प्रगत परिचर्या : बार्शीच्या अनुभवाचा धडा

सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्येस वसलेले बार्शी हे शहर धान्याची मोठी बाजारपेठ म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. वैद्यकीय क्षेत्रात मात्र त्याची ओळख निराळी आहे. भारतातील ग्रामीण भागाची पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. बार्शीसह शेजारच्या परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्याने हे काम उभे राहिले.

या नोंदणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. या परिसरातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते आणि बहुतेक रुग्ण रोग पुरेसा पसरल्यावरच रुग्णालयात येत होते. त्यामागील कारणे खेड्यातील कोणाही माणसास ठाऊक आहेत. अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्तस्राव होणे या तक्रारी स्त्रिया लाजेपोटी बोलून दाखवीत नाहीत. शेतातील मजुरी बुडवून तालुक्याला जायचे, तेथे पुरुष डॉक्टरांसमोर तपासणी करून घ्यायची, त्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे त्यांना सोपे वाटते.

वास्तविक हा रोग सावध होण्यास पुष्कळ अवधी देतो. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. या कर्करोगपूर्व अवस्थेचे रूपांतर प्रत्यक्ष कर्करोगात होण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात बदल ओळखता आला, तर साध्या उपचाराने रोग टाळता येतो. प्रश्न एवढाच उरतो की गावोगावच्या हजारो निरोगी स्त्रियांची तपासणी करावयाची कोणी? तेवढे स्त्रीरोगतज्ज्ञ ग्रामीण भागात नाहीत. या प्रश्नाचे उत्तर बार्शीच्या कार्यकर्त्यांनी परिचारिकेत शोधले.

विस्तारित भूमिका म्हणजे काय?

परिचारिकेने अधिक प्रशिक्षण घेऊन अधिक जबाबदारीचे काम करावे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचर्या-शिक्षिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी यासाठी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. मुलांची तपासणी करणे, नेहमीचे आजार ओळखणे आणि गंभीर रुग्ण वेळेत डॉक्टरांकडे पाठविणे, हे काम प्रशिक्षित परिचारिका समर्थपणे करू शकते, ही त्यामागील भूमिका होती. पुढे अनेक देशांनी ही पद्धत स्वीकारली. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ साली तिची व्याख्या निश्चित केली. विशेष ज्ञान, गुंतागुंतीच्या परिस्थितीत निर्णय घेण्याची क्षमता आणि विस्तारित कार्यासाठी लागणारे कौशल्य ही तिची मुख्य अंगे होत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कामांची यादी लांबणे म्हणजे भूमिका विस्तारणे नव्हे. १९७३ सालच्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनंतर सहायक परिचारिका प्रसाविका ही बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी झाली. बाळंतपणाबरोबरच लसीकरण, कुटुंबकल्याण, हिवताप, क्षयरोग आणि नोंदवह्या यांचा भार तिच्यावर आला. तिची कामे वाढली, परंतु त्या प्रमाणात तिचा निर्णयाधिकार वाढला नाही. प्रगत परिचर्येत या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालतात. ज्ञान वाढते, त्यानुसार अधिकार मिळतो आणि अधिकाराबरोबर उत्तरदायित्व येते.

गावातील तपासणी

त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. खेड्यांचे ५२ गट करण्यात आले. त्यांत ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश झाला. एका विभागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि तिसऱ्यात आम्ल लावून प्रत्यक्ष पाहणी अशी योजना होती. चौथ्या विभागात नेहमीची आरोग्यसेवाच चालू होती. तपासणीचे आणि नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांकडे होते.

यांपैकी आम्ल लावून करावयाची पाहणी सर्वांत कमी साधनांत होते. गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण लावतात. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल होय. सुमारे एक मिनिट थांबून प्रखर प्रकाशात पाहिले असता बदललेल्या पेशींचा भाग ठळक पांढरा दिसतो. प्रयोगशाळेची गरज पडत नाही आणि निष्कर्ष तेथल्या तेथे सांगता येतो. परंतु हे पाहणे वाटते तितके सोपे नाही. साधी सूज, भरून येणारी जखम आणि कर्करोगपूर्व बदल यांतील भेद डोळ्याला सरावानेच कळतो. म्हणून प्रशिक्षण आणि त्यानंतरची नियमित फेरतपासणी हाच या पद्धतीचा कणा आहे.

बार्शीच्या कार्यात याच्याही पुढचे पाऊल टाकण्यात आले. ज्या स्त्रियांत कर्करोगपूर्व बदल आढळले, त्यांतील योग्य रुग्णांवर प्रशिक्षित प्रसाविकांनी शीतोपचार केले. नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायूने अतिशय थंड केलेले उपकरण गर्भाशयमुखावर टेकवून बाधित भाग गोठविणे, अशी ही क्रिया आहे. सामान्यतः तीन मिनिटे गोठविणे, पाच मिनिटे विराम आणि पुन्हा तीन मिनिटे गोठविणे असा तिचा क्रम असतो. भूल द्यावी लागत नाही. हे उपचार प्रसाविकांच्या हातून परिणामकारक, सुरक्षित आणि स्त्रियांना मान्य होणारे ठरतात, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

मर्यादा जाणणे हेच कौशल्य

शीतोपचार कोणावर करावयाचे याचे नियम काटेकोर आहेत. बाधित भाग संपूर्ण दिसला पाहिजे. तो गर्भाशयमुखाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक पसरलेला नसावा. तो आतील मार्गात शिरलेला नसावा. प्रत्यक्ष कर्करोगाची शंका तर मुळीच नसावी. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर परिचारिकेने हात थांबवून रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. प्रगत परिचर्येची व्याप्ती कशी आखावी याचा हा नमुना होय. काय करावे याइतकेच कोठे थांबावे हेही त्यात लिहिलेले असते.

उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो. सुमारे चार आठवडे शरीरसंबंध टाळावा लागतो. हे त्या स्त्रीला आणि अनेकदा तिच्या पतीला व सासूला तिच्याच भाषेत समजावून सांगावे लागते, ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलवावे लागते आणि ती न आल्यास घरी जाऊन चौकशी करावी लागते. या कामात परिचारिकेची बरोबरी अन्य कोणी क्वचितच करू शकेल.

निष्कर्षांचा अर्थ

उस्मानाबादच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी योजलेल्या विभागात ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेच्या विभागात ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४ मृत्यू झाले. म्हणजे एकाच वेळच्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींच्या विभागांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

असे असले तरी प्रत्यक्ष पाहणीची पद्धत निरुपयोगी म्हणता येत नाही. तामिळनाडूतील दिंडीगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या अशाच पाहणीने मृत्यूंत ३५ टक्के घट झाल्याचे २००७ साली दिसून आले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथे प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या पाहणीने मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. या तीन अनुभवांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित स्त्रीच्या हातून जीव वाचू शकतात, याबद्दल शंका उरत नाही. परंतु तिच्या हाती कोणती चाचणी दिली जाते, तिची तयारी कशी करून घेतली जाते आणि तपासणी पुन्हा पुन्हा होते की नाही, यांवर यश अवलंबून असते. परिचारिकेस जुने साधन देऊन नव्या फलाची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

देशातील व्यवस्था

गेल्या काही वर्षांत या दिशेने धोरणात्मक पावले पडली आहेत. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्ल-पाहणी करण्याची तरतूद आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रगत परिचर्येच्या अभ्यासक्रमांचा पुरस्कार केला. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण ठरले. त्याच वर्षापासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. परिचर्या शाखेच्या उमेदवारांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर हे पद खुले झाले. १९४७ च्या परिचर्या परिषद अधिनियमाच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद करणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

मर्यादित औषधोपचाराचा अधिकार परिचारिकेस देण्याची उदाहरणेही आपल्याकडे आहेतच. बाळंतपणात झटके येऊ लागल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन रुग्णास पुढे पाठविण्याची मुभा प्रशिक्षित सहायक परिचारिका प्रसाविकेस शासकीय सूचनांनी दिलेली आहे. ठरावीक लक्षण, ठरावीक औषध, ठरावीक मात्रा आणि लगेच संदर्भ सेवा, अशी ही सुस्पष्ट चौकट आहे.

पुढील वाटचाल

तरीही अभ्यासक्रम आणि पद यांची सांगड पुरी बसलेली नाही. विशेष प्रशिक्षण घेतलेली अधिपरिचारिका परतून पूर्वीच्याच कक्षात पूर्वीच्याच कामावर रुजू झाली, तर तिच्या शिक्षणावरील खर्च वाया जातो आणि तिची उमेदही खचते. म्हणून प्रशिक्षणास अनुरूप पद, पदास अनुरूप वेतन आणि लेखी कार्यकक्षा या तीन गोष्टी एकत्रच यावयास हव्यात. कायद्याचे संरक्षण नसेल, तर कोणतीही सुज्ञ परिचारिका नवी जबाबदारी अंगावर घेणार नाही. त्याचबरोबर तिच्या मागे उभी असलेली साखळी अखंड असली पाहिजे. उपकेंद्रात शंका आली, ग्रामीण रुग्णालयात निदान झाले आणि पुढील उपचार बार्शी किंवा सोलापूर येथे वेळेवर मिळाले, तरच त्या पहिल्या तपासणीला अर्थ आहे. पत्ता लिहिलेली चिठ्ठी हातात देणे म्हणजे संदर्भ सेवा नव्हे.

डॉक्टरांचे स्थान यामुळे कमी होईल, ही भीतीही अनाठायी आहे. निरोगी स्त्रियांच्या तपासणीचा भार परिचारिकेने उचलला, तर तज्ज्ञाचा वेळ ज्या रुग्णांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यासाठी मोकळा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिसाव्या आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत दर्जेदार चाचणी व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. मुलींसाठी प्रतिबंधक लस आहे, परंतु आज तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तपासणीचाच आधार आहे. हे उद्दिष्ट शहरातील मोठ्या रुग्णालयांत बसून गाठता येणार नाही. त्यासाठी गावच्या उपकेंद्रात, ओळखीच्या चेहऱ्याची, योग्य शिकलेली आणि अधिकार असलेली परिचारिका हवी. तिच्यावर विश्वास टाकून काय साधता येते, हे बार्शीने दाखविले आहे.