भोकं पाहून कव्हर घ्यावं

१. कव्हराचं मोल चामड्यात नसतं, भोकांत असतं. वडिलांच्या ट्रान्झिस्टरला तपकिरी चामड्याचं कव्हर होतं. स्पीकरसमोर भोकांच्या सरळ रांगा, काट्यापुरती खिडकी, कडेला आवाजाच्या चाकासाठी चीर, मागे टिचबटणं. कारागिरानं काय झाकायचं यापेक्षा काय उघडं ठेवायचं याचाच विचार जास्त केला होता. मला ते कळायला केस पिकावे लागले.

२. चामडंच का, हेही उशिराच उमगलं. ते दिसायला भारदस्त म्हणून असावं, असा माझा समज. लोखंडी पेटीत ठेवलेला रेडिओ मात्र मुका होतो. मीडियम वेव्हच्या लहरी धातू अडवतो, चामडं आत येऊ देतं. मजबुती शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा झोंबलंच.

३. आपण ज्याला भितो, तो खरा शत्रू नसतो. रेडिओ हातातून पडेल म्हणून घरात सगळे दक्ष. कोपरगावात गाळप हंगाम सुरू झाला की कोळपेवाडी, संजीवनी या साखर कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागायची आणि धुरळा त्याच सुबक भोकांतून आत शिरायचा. आत्यानं आतून मलमलचा तुकडा लावून दिला. आवाज किंचित मऊ झाला. तक्रार कुणी केली नाही.

४. काही दुखणी आतूनच येतात. टिचबटणं लावून कपाटात जपून ठेवलेल्या रेडिओत सेल पाझरले आणि पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरली ती वेगळीच. रोज वाजणारा रेडिओ रोज हाताळला जातो, सेलही वेळेवर बदलले जातात. जपणुकीचा हा प्रकार मी अजून नीट शिकलेलो नाही.

५. मिरवण्यासाठीही कव्हर लागतं, हे मोकळेपणानं कबूल केलेलं बरं. १९७९ साली जपानात सोनीचा पहिला वॉकमन आला, तोही कव्हरासकट. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. आमच्याकडे वॉकमन पोचला तोवर भोक एकच उरलं होतं. रेक्झिनचं कव्हर कमरेच्या पट्ट्याला अडकवून मी बसस्टँडवर उभा राहायचो. सेल संपलेले असले तरी हेडफोन कानावरच.

६. कव्हरही ओरखडे काढतं. २००१ साली आलेल्या आयपॉडची पाठ आरशासारख्या स्टीलची. बोट लागलं तरी डाग दिसे. भाच्याच्या आयपॉडला सिलिकॉनचं कव्हर चढवलं आणि आत अडकलेल्या धुळीनं पॉलिश पेपरचं काम चोख केलं. तेव्हापासून कव्हर काढून आत फुंकर मारण्याची सवय लागली. घरचे याला वय झाल्याचं लक्षण मानतात.

७. सगळ्यात जोरात वाजतं ते बिनकव्हराचं. उसाच्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर ऊन, धूळ, चिपाडं अंगावर घेत रात्रभर वाजत जातात. मला अजूनही कव्हर लागतंच, कारण संगीत आता मोबाईलमध्ये आलंय. पण दुकानात मी आधी भोकं बघतो, मग गाणं लावून कव्हरासकट फोन कानाशी धरतो. दुकानातलं पोरगं विचारतं, ‘‘काका, कलर कोणता देऊ?’’ मी म्हणतो, ‘‘थांब, ऐकू दे की आधी.’’