शेंडा खुडायला भिऊ नकोस

अगं, टँकमध्ये रान माजलंय म्हणतेस आणि तरी कात्री लावायला तुझा हात धजत नाही. जीव लावून वाढवलेलं झाड कापायचं कसं, हेच ना? मग ऐक. पाण्यातलं झाड छाटलं नाही तरच जास्त बिघडतं. शेंडे वर टेकले की पाण्यावर पानांचं छप्पर होतं, खाली उजेड पोचत नाही आणि खालची पानं काळी पडून गळायला लागतात. वरून बघावं तर हिरवंगार, समोरून काचेतून बघावं तर नुसत्या काड्या. गळलेली पानं तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो बिचाऱ्या माशांना भोवतो.

कात्री कुठे लावायची हे मात्र झाडागणिक वेगळं. म्हणून कापण्याआधी एवढंच बघ, की हे झाड वाढतंय कुठून? शेंड्यातून, मधल्या कोंबातून, की आडव्या खोडातून? हे कळलं की निम्मं काम झालं.

तुझ्याकडे मागच्या रांगेत हायग्रोफिला आणि रोटाला आहेत, ती शेंड्यातून वाढणारी. त्यांच्या खोडाकडे जरा जवळून बघ. ठरावीक अंतरावर पेरं दिसतील, प्रत्येक पेरावर समोरासमोर पानं, आणि पानाच्या बगलेत बारीकसा डोळा. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की तो अटकाव जातो आणि कापलेल्या जागेखालचे डोळे जागे होतात. एका खोडाला दोन फुटवे येतात, ते वाढल्यावर पुन्हा खुडलेस की चार. दुकानातल्या टँकमध्ये आपण हरखून बघतो ती दाट झुडपं अशीच तयार होतात, दुसरं काही गुपित नाही.

कात्री पेराच्या अगदी जरा वर लाव. दोन पेरांच्या मधोमध कापलंस तर वर राहिलेला तुकडा कुजत कुजत पेरापर्यंत येतो. आणि झुडूप जेवढं उंच हवंय त्याच्या बरंच खाली काप, कारण नवे फुटवे तिथून वर यायचेत. कापलेले शेंडे टाकायचे नाहीत हं! खालच्या दोन पेरांवरची पानं काढ आणि ती उघडी पेरं वाळूत जातील असं चिमट्याने तिरकं खोचून दे. मुळं त्याच पेरांतून येतात. खालचा बुडखा फारच जुना आणि काळपट झाला असेल तर तो उपटून त्याच्या जागी हे शेंडेच लाव. ते जास्त जोमाने वाढतात.

व्हॅलिस्नेरियाला हा नियम लागू नाही. तिची लांबलचक पानं पाण्यावर आडवी पसरली की वरून सपकन कापून टाकायचा मोह होतो. तसं करू नकोस. मध्येच कापलेल्या पानाची कड तपकिरी होते आणि पान हळूहळू खराब होतं. त्यापेक्षा बाहेरचं, सगळ्यात जुनं पान बोटाने चाचपत बुडापर्यंत जा आणि तिथून काढ. नवीन पान मधल्या कोंबातून येतं, तिथे तेवढा धक्का लागू द्यायचा नाही. अ‍ॅमेझॉन स्वोर्डचंही असंच. व्हॅलिस्नेरिया वाळूलगत धावती खोडं सोडते आणि त्यांच्या टोकाला पिल्लं येतात. पिल्लाला स्वतःची मुळं आणि चारपाच पानं आली की मधला दुवा कापून ते हवं तिथे लाव.

अनुबियास आणि जावा फर्न ही आल्याच्या गड्ड्यासारख्या आडव्या खोडातून वाढतात. हे खोड वाळूत गाडलं की कुजतं, म्हणून ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची. वाढ फार सावकाश, त्यामुळे जुन्या पानांवर शेवाळ बसतं. असं पान अर्धं कापून ठेवू नकोस, देठासकट काढ, पण एका वेळी एखाददुसरंच. जावा फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. तो रोग नव्हे, ते बीजाणू. कितीतरी जण घाबरून अशी धडधाकट पानं तोडतात आणि मला फार वाईट वाटतं.

आता तुझं क्रिप्ट, ज्याच्यासाठी तू अगदी रडवेली झाली होतीस. नवीन जागी लावलं, पाणी बदललं किंवा दिवा बदलला की क्रिप्टची पानं पारदर्शक, बुळबुळीत होतात आणि बघता बघता विरघळतात. झाड मेलं असं समजून लोक ते उपटून फेकतात. अगं, मुळं जिवंत असतात! बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं पाण्याखाली टिकायची नसतातच. विरघळलेली पानं तेवढी बुडापासून काढ, बाकी अजिबात हलवू नकोस. तीनचार आठवड्यांत नवी पानं डोकावतील, कदाचित वेगळ्या आकाराची, ती पाण्यातली खरी पानं. आपल्या कोकणातल्या ओढ्यांमध्ये याच कुळातल्या जाती रानात वाढतात. पावसाळ्यात पाण्याखाली, पाणी ओसरलं की उघड्या चिखलात. पानं टाकून नवी धरणं त्यांच्या स्वभावातच आहे.

जावा मॉसचं फार काही नाही. लाकडाला धरलेला आतला थर उजेडाविना तपकिरी पडायच्या आत वरून भादरत राहा. फक्त भादरताना सायफनची नळी जवळ धर, नाहीतर प्रत्येक तुकडा कुठेतरी रुजून बसतो.

छाटणी पाणी बदलायच्या दिवशीच कर. आधी हीटर आणि फिल्टर बंद. पाणी उतरल्यावर तापलेला हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते, आणि फिल्टर चालू राहिला तर पानांचे तुकडे स्पंजात जाऊन बसतात. हाताला क्रीम, साबण काही नको. कात्री धारदार आणि फक्त टँकसाठी ठेवलेली. बोथट कात्रीने खोड चेंगरतं आणि चेंगरलेली जागा कुजते. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नकोस. पाण्यातलं नायट्रेट झाडंच शोषत असतात. ती एकदम कमी केलीस तर ते सगळं शेवाळाच्या वाट्याला जातं. म्हणून छाटणीनंतर आठवडाभर दिवा सहा तासच ठेव. तरंगणारे तुकडे जाळीने काढ, चौथा हिस्सा पाणी बदल, नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नकोस. स्पंज धुवायचा झाला तर काढलेल्या जुन्या पाण्यातच. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

कात्री हातात आहे तोवर पानंही वाचून घे. जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नायट्रोजन कमी पडतंय. जुन्या पानांना बारीक भोकं दिसली तर पोटॅशियम. कोवळी पानंच फिकट निघत असतील तर लोह. नुसतं कापून हे सुधारत नाही, खत द्यावं लागतं.

आणि आता सगळ्यात कळकळीचं सांगते. तुझी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा मूळची आपल्याच भागातली, पण अमेरिकेत ती टँकच्या व्यापारातून गेली आणि फ्लोरिडाचे कालवे तिने भरून टाकले. तिथे ती सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत आहे. आपल्याकडे जलपर्णीने उलट तेच केलं. दक्षिण अमेरिकेतली ही शोभेची वनस्पती आज पुण्याच्या मुळा नदीत आणि कोल्हापूरच्या रंकाळ्यात काढून काढून लोक दमले. आपल्या टँकमधली कित्येक झाडं परदेशी आहेत आणि एका पेराच्या तुकड्यातूनही रुजतात. म्हणून छाटलेला पाला उन्हात कडकडीत वाळव आणि कुंडीत घाल, टँकचं जुनं पाणीही तुळशी-जास्वंदीला दे. पण नाल्यात, ओढ्यात, तळ्यात त्यातली एक काडीसुद्धा टाकू नकोस, आणि शेजारच्या टँकवाल्यांनाही हे सांग.