यंत्राचे स्थानज्ञान आणि त्यातील दोष
संगणक-नियंत्रित लेथवर हत्यार कोठे पोहोचले, हे नियंत्रकास एन्कोडर कळवितो. तो पुष्कळदा मोटरच्या दांड्यावर बसविलेला असतो. त्यास फेरे मोजता येतात, हत्यार दिसत नाही. त्यामुळे पडद्यावरील आकडा अचूक असूनही जॉब बाद होऊ शकतो. रायपूरच्या मे महिन्यात १ मीटर लांबीचा पोलादी स्क्रू १० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढतो. पडद्यास त्याची वार्ताही नसते. अशा वेळी महागडा एन्कोडर बदलणे व्यर्थ होय. प्रथम डायल गेज लावून प्रत्यक्ष सरक मोजावी. सकाळी बरोबर व दुपारी चूक, तर उष्णतेचा संशय घ्यावा. दर फेरीस चूक साचत गेली, तर कपलिंग घसरत असावे. आकडाच उड्या मारीत असेल, तर मात्र वीज बंद करून केबल व तिची जोडणी पाहावी. पुष्कळदा तेथे शीतक द्रव शिरलेला आढळतो.