केमोच्या दिवसांतलं ताट

कॅन्सरचं निदान झालं की घरात सगळ्यात आधी ताटावर बंदी येते. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, आंबट बंद, वांगं तर बंदच. मला लिम्फोमा होता. ‘आर-चॉप’ नावाचे उपचार होते, म्हणजे पाच औषधांची मिळून एक केमो, दर 21 दिवसांनी. पहिली केमो व्हायच्या आतच नात्यातल्या आणि ओळखीतल्या माणसांनी फोनवरून इतकी पथ्यं सांगितली, की ती सगळी पाळली असती तर ताटात खायला फारसं काही उरलं नसतं. आणि पुढे ज्या गोष्टींवर डॉक्टरांनी बोट ठेवलं, त्यांतली एकही त्या पथ्यांमध्ये नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

तिसऱ्या केमोनंतरचा दुसरा आठवडा होता. मला बरं वाटावं म्हणून घरी सत्यनारायण घातला होता. तीर्थ म्हणून पंचामृत झालं. एक नातेवाईक घरच्या ट्रेमध्ये वाढवलेल्या गव्हांकुरांचा रस मोठ्या मायेने रोज आणून देत होत्या. पूजेच्या दिवशीचा भात उरला होता, तो संध्याकाळी फोडणी देऊन वाढला गेला. दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आला, जुलाब सुरू झाले आणि रात्री थंडी वाजून ताप 101 वर गेला. कुणी तरी तापाची गोळी काढून हातावर ठेवलीही होती. सूनबाईने मात्र केमोच्या फाइलला टाचलेला सूचनांचा कागद वाचला होता. तिने गोळी परत डबीत ठेवली, डॉक्टरांना फोन केला आणि गाडी काढायला लावली. रक्त तपासलं तेव्हा न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 200 च्या आसपास होते. निरोगी माणसात ते 1500 च्या वर असतात. 500 च्या खाली गेले की साधा जंतूही जिवावर बेततो.

त्या रात्री शिरेतून अँटिबायोटिक्स सुरू झाली म्हणून मी आज हे सांगू शकते आहे. नेमकं कशामुळे झालं, हे सिद्ध झालं नाही. तसं ते बहुतेक वेळा होतही नाही, आणि पुष्कळदा जंतू आपल्याच आतड्यातले असतात. पण डॉक्टरांनी आदल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं ते बारकाईने विचारलं, आणि पंचामृत, रस, भात या तिन्हींपाशी ते थांबले. पुढची केमो लांबली. औषधांचं वेळापत्रक असं चुकणं हेही नुकसानच असतं.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या पेशी येतात, तशा अस्थिमज्जेतल्या आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या आतल्या अस्तराच्याही येतात. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात आणि नेमक्या त्याच सुमारास आतलं अस्तर सोलवटलेलं असतं. एरवी एखाद्या जुलाबावर निभावणारा जंतू तेव्हा थेट रक्तात शिरतो. हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. काळजी रोजच घ्यायची, पण या दिवसांत जराही सैल सोडायचं नाही.

भाताचं आधी सांगते, कारण फोडणीचा भात आपल्याकडे घरोघरी होतो आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष नंतर कितीही परतलं तरी टिकतं. म्हणजे फोडणीने चव येते, सुरक्षितता येत नाही. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा 32 च्या वर असताना, एक तासच. उरलेलं अन्न उथळ डब्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत तापवावं आणि एकदाच तापवावं. भात मात्र रुग्णासाठी दर वेळी ताजा लावा. वाटीभर तांदळाला कुकर लावायला फार वेळ लागत नाही.

कच्चे मोड पूर्ण टाळा. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते, आणि बी मुळातच दूषित असेल तर मोड धुऊन काही होत नाही. जर्मनीत 2011 साली मेथीच्या कच्च्या मोडांमधून ई. कोलायची साथ पसरली आणि 50 हून अधिक माणसं दगावली. मटकीची उसळ नीट शिजवलीत तर खुशाल खा, फक्त तिची कच्ची कोशिंबीर नको. गव्हांकुराच्या रसालाही हेच लागू आहे. तो कच्चा असतो, मातीजवळ वाढलेल्या पात्यांचा असतो, आणि ‘नैसर्गिक’ म्हटल्याने त्यातले जंतू नाहीसे होत नाहीत.

मग फळं आणि भाज्या सगळ्याच बंद करायच्या का? पूर्वी तसंच सांगत. पण ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने 2008 साली रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फक्त शिजवलेलं खाणाऱ्यांमध्ये आणि ताजी फळं-भाज्याही खाणाऱ्यांमध्ये गंभीर संसर्गाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून भीतीपोटी फळं तोडू नका. केळं, संत्रं, मोसंबी, पपई अशी सालीची फळं वाहत्या पाण्याखाली धुऊन, घरी कापून, लगेच खावीत. गाडीवरची कापलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी हे उपचार संपेपर्यंत नाही. कोथिंबीर वरून पेरण्याऐवजी आमटीत टाकून एक उकळी काढावी. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांचे नियम अधिक कडक असतात, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतात, तेवढी दोन फळं विचारून खा.

काढे, चूर्णं, हळदीच्या कॅप्सूल यांबद्दल मी आता कठोर झाले आहे. भाजीतली हळद ठीक आहे, कॅप्सूलमधली मात्रा वेगळी. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे, पण केमोची कित्येक औषधं यकृतातच मोडली जातात, आणि त्या यकृतावर प्रयोग करण्याचे हे दिवस नव्हेत. जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

उपासमारीचा धोका मला संसर्गाइतकाच मोठा वाटतो. साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो, हे खरं नाही. पुरेसं खाल्लं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. आधी माणूस वाळतो. वजन उतरलं की केमो झेपत नाही, मात्रा कमी करावी लागते. मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य आहेच, पण ते मधुमेहाचं. उपचारांत किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 50 किलोच्या बाईला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या पेजेवर हा हिशेब जुळत नाही. माझ्या उपचारांत प्रेडनिसोलोन या औषधाच्या गोळ्यांच्या पाच दिवसांत भूक खवळायची आणि गोळ्या थांबल्या की अन्नाचा वासही नको व्हायचा. तेव्हा दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊन मी निभावलं: घट्ट मुगाचं वरण, पूर्ण उकडलेलं अंडं, घरच्या पनीरची भुर्जी, शिजवलेली नाचणीची आंबील दुधात कालवून. तोंड आलं की तिखट, आंबट, गरम सोसत नाही. तेव्हा ताजं शिजवलेलं कोमट करून घ्यावं.

प्रसादाला नाही म्हणणं जड जातं, हे मला माहीत आहे. पंचामृतात न तापवलेलं दूध असू शकतं, ते तासन् तास बाहेर असतं, त्यात अनेकांचे हात गेलेले असतात. पळीभर तीर्थ घेतल्यासारखं डोक्याला लावा आणि थांबा. शिरा कढईतून उतरताच नैवेद्य दाखवून पहिली वाटी रुग्णाला द्या. आमच्या गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनीच पुढच्या पूजेत दूध तापवून घ्यायला लावलं.

परळच्या टाटा हॉस्पिटलला उपचारांसाठी दुरून आलेली आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तिथे घरचं स्वयंपाकघर नसतं. अशा वेळी डोळ्यांदेखत वाफेतून निघालेली इडली चटणीशिवाय घ्यावी. उकडलेली अंडी न सोललेली विकत घ्यावीत, केळी घ्यावीत, उकळता चहा घ्यावा, पाणी सीलबंद किंवा उकळलेलं असावं.

ताप 100.4 फॅरनहाइट झाला की सकाळची वाट पाहू नका. तापाची गोळी घेऊन आकडा खाली आणू नका, ताप दबतो आणि संसर्ग तसाच आत वाढत राहतो. थर्मामीटर, दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि शेवटच्या केमोची तारीख हे सगळं एकाच जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

स्वयंपाक करणाऱ्या बाईकडेही लक्ष द्या. तिला जुलाब, उलट्या होत असतील किंवा बोटावर पिकलेली जखम असेल, तर जुलाब-उलट्या थांबल्यावरही निदान दोन दिवस आणि जखम भरेपर्यंत तिला ओट्यापाशी उभं करू नका. ती सांगणार नाही, कारण घरात आजारी माणूस असताना स्वतःचं दुखणं बाया बोलत नाहीत. तिला विचारा, आणि तेवढे दिवस चूल कोण सांभाळणार हे पहिल्या केमोच्या आधीच ठरवून ठेवा.