बैलाच्या डोक्यातून निघालेले अक्षर

(इयत्ता सातवी)



माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. पाटीवर गिरवता गिरवता त्याने मला विचारले, "दादा, अक्षरं कुणी काढली रं पहिल्यांदा?" मला उत्तर येईना. मी गुरुजींना विचारले. त्यांनी नकाशात नाईल नदी दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली, ती इथे लिहितो.

इजिप्तचे लोक फार पूर्वीपासून चित्रांनी लिहीत. पण त्यांच्या लिपीत शेकडो चिन्हे होती. ती शिकायला वर्षे लागत, म्हणून लिहिणे हे लेखनिकांचेच काम. मजुराला आणि शिपायाला कोण शिकवणार?

आता नकाशा बघा. लक्सर शहराच्या पुढे नाईल मोठे वळण घेते. नदीकाठाने लांब पडते, म्हणून लोक वाळवंटातल्या आडवाटेने जात. त्या वाटेवर वादी अल-होल नावाची दरी आहे. अरबीत याचा अर्थ 'भयाची दरी'. तिथे थांबणारे वाटसरू चुनखडीच्या कड्यावर नावे, प्रार्थना कोरीत. आपल्याकडे किल्ल्यावर सहलीला गेलेले लोक नावे कोरतात ना, तसेच. ही सवय वाईटच, पण इथे तिचा उपयोग झाला!

१९९० च्या दशकात जॉन आणि डेबोरा डार्नेल या अमेरिकन नवरा-बायकोला त्या कड्यावर दोन निराळे लेख सापडले. १९९९ साली ही बातमी जगभर गेली. चिन्हे इजिप्तच्या चित्रांसारखीच, पण इजिप्तच्या रीतीने ती वाचता येत नाहीत. दोन्ही मिळून तीस चिन्हेसुद्धा नाहीत. पुरा अर्थ अजून लागलेला नाही. तरी सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचे हे लेख वर्णमालेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत.

ते कोरले कुणी? जवळच्याच एका लेखात बेबी नावाच्या सेनापतीचा उल्लेख आहे. तो इजिप्तच्या फौजेतल्या आशियाई लोकांचा सेनापती होता. कनानकडून आलेल्या अशाच शिपायांनी किंवा कामकऱ्यांनी ही युक्ती काढली असावी, असे अभ्यासकांना वाटते.

युक्ती अशी. घराचे चित्र काढायचे. त्यांच्या भाषेत घर म्हणजे 'बेत'. त्यातला फक्त पहिला आवाज धरायचा, 'ब'. पाणी म्हणजे 'मेम', म्हणून लाटांचे चित्र झाले 'म'. झाले! पंचवीस-तीस चित्रांत सगळी भाषा मावली.

सिनाईच्या डोंगरात, पिरोजा नावाच्या निळ्या खड्यांच्या खाणीपाशीही असेच लेख आहेत. ते १९०५ साली पेट्री यांना सापडले. १९१६ साली गार्डिनर यांनी त्यातला एक शब्द लावला. घर, डोळा, पराणी आणि फुली, म्हणजे 'बालत'. बालत म्हणजे मालकीण, तिथली देवी. बैल हाकायची पराणी देवीच्या नावात आहे हे ऐकून मला फार मजा वाटली.

पुढे ही अक्षरे फिनिशियन लोकांकडून ग्रीकांकडे आणि तिथून रोमन लोकांकडे गेली. इंग्रजीतला मोठा 'ए' पाटीवर काढा आणि पाटी उलटी धरा. दोन शिंगे दिसतील! ते बैलाचे डोके, 'अलेफ'. आपली देवनागरी ब्राह्मी लिपीतून आली. ब्राह्मीचेही या घराण्याशी नाते आहे असे पुष्कळ विद्वान म्हणतात, पण सगळ्यांना ते पटत नाही.

घरी गेल्यावर मी कोळशाने फरशीवर बैलाचे डोके आणि शेजारी घर काढले. आमची आजी शाळेत गेलेली नाही. सहीच्या जागी ती अंगठा उठवते. तिला विचारले, "आजी, हे काय?"

"बैल अन् घर."

"आता दोन्हींचा नुसता पहिला आवाज म्हण."

"ब... घ..." आजी थांबली. मग एकदम म्हणाली, "अगं बया! बघ!"

ती पुष्कळ वेळ हसत होती. नंतर माझ्या हातातला कोळसा घेऊन तिने स्वतः एक घर काढले, पुढे वाकडातिकडा डोळा काढला आणि म्हणाली, "ह्ये वाच आता तू."

मला थोडा वेळ लागला. केळीचा घड!