पेन्शनरांचे ताट आणि खर्चाची वही

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली देशातील दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्यात दरमाणशी रोज 2250 उष्मांक पदरात पडतील एवढा खर्च हीच निर्वाहाची किमान मर्यादा धरली होती, आणि शहरवासीयांपुरती ती 1960-61च्या भावाने दरमहा साडेबावीस रुपये भरत होती. देशाची भूक मोजण्यास ते माप रास्तच होते. परंतु सदाशिव पेठेत किंवा कोथरुडात दोघेच राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या स्वयंपाकघरास ते लावले, तर पोट भरलेले आणि देह मात्र उपाशी, असा विपरीत प्रकार नजरेस येतो. कारण उतारवयात उष्मांकांची गरज घटते, प्रथिनांची घटत नाही. स्नायूंची झीज थोपवण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे आज पुष्कळ तज्ज्ञ मानतात.

पाय लटपटतात म्हणून येणाऱ्या वृद्धांना मी तपासणीच्या कागदांबरोबर घरची खर्चाची वहीही आणावयास सांगतो. सत्तरी उलटलेल्या एका आजींच्या वहीत दुधाच्या रकान्यात लिटराचा अर्धा लिटर झाला होता, डाळ निम्म्यावर आली होती, आणि खारी-टोस्टाच्या नोंदी मात्र दर चार दिवसांनी बिनदिक्कत हजर होत्या. "दोघांसाठी कुकर कुठे लावत बसायचा? रात्री चहा-खारीवर भागतं आमचं," असा त्यांचा खुलासा. औषधे, विजेचे बिल आणि सोसायटीची वर्गणी यांत कपात होत नाही, सबब ती ताटावर येते, आणि ताटातही नेमकी दुधा-डाळीवर. मैदा आणि वनस्पती तूप स्वस्तात पोट भरतात व कवळीलाही त्रास देत नाहीत. त्याच घरात मुलाने धाडलेला प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा कपाटात होता, हे वेगळे सांगावयास नकोच.

वास्तविक अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही यांतून सुमारे 16 ग्रॅम, 50 ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणातून 11 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली तूट पोळी-भाकरी बरीचशी भरून काढते. दाणे चावत नसतील तर कूट करावे, मटकीची उसळ मऊ शिजवावी, आणि सोवळे आड येत नसेल तर एक उकडलेले अंडे घ्यावे. रात्रीचे जेवण बुडवण्यापेक्षा सकाळचेच वरण थोडे जास्त लावून ठेवावे.

हा उपदेश ज्यांचे उत्पन्नच तोकडे आहे त्यांना मी कोणत्या तोंडाने करावा? कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांच्या 1995च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन 2014 साली दरमहा 1000 रुपये ठरले, आणि त्या रकमेत दोघांचे रोजचे दूधही बसत नाही. अशा घरी हुलगे, फुटाण्याची डाळ आणि शेंगदाणे यांवरच भिस्त ठेवावी लागेल, आणि वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी फळांच्या करंडीऐवजी दूधवाल्याचे बिल परस्पर चुकते करावे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने आपल्या वैद्याच्या संमतीवाचून वाढवू नयेत. शाकाहारी असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-12ची तपासणी करून घ्यावी. आणि दर महिन्याला एकाच काट्यावरचे वजन त्याच खर्चाच्या वहीत टिपावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ते शेकडा 5 उतरले, तर डॉक्टरांकडे जावयास विलंब लावू नये.