बॅटरी बदलायच्या आधी

स्कूटरचा सेल्फ लागत नाही आणि गॅरेजवाला म्हणतो बॅटरी बदला, हो ना? थांब गं, पैसे मोजायची घाई नको. आधी मल्टिमीटर आण. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बांगड्या-अंगठी काढून ठेव. बॅटरीच्या दोन टोकांत धातू अडकला तर क्षणात तापून भाजतो. आणि गाडी मेन स्टँडवरच हवी.

आता मला सांग, सेल्फ दाबल्यावर ‘टक्’ वाजतं की गाडी अगदी गप्प?

गप्प असेल तर ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का बघ. बहुतेक स्कूटरना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, त्यामुळे दोष ब्रेकच्या चिमुकल्या स्विचात असू शकतो. मग फ्यूज काढ, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही पायांना टोकं लाव. बीप वाजली तर शाबूत. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाल. चॉकलेटची चांदी गुंडाळलीस तर माझ्याशी गाठ आहे!

‘टक्’ वाजत असेल तर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. पण खरं सांगू का, इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. टोकं तशीच धरून ब्रेकसकट सेल्फ दाब. आकडा १० च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीय, नाहीतर नुसती उतरलीय. चार्ज करून पुन्हा बघ. कोसळला नाही तर काळं टोक मायनसलाच ठेव, लाल इंजिनच्या उघड्या धातूला लाव आणि सेल्फ दाब. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगचा बोल्ट सैल किंवा गंजलेला. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळ. पावसाळ्यात हे फार होतं.

शेवटी किक मारून इंजिन चालू कर आणि जरा रेस दे. बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले नाहीत तर खोट चार्जिंगमध्ये आहे. मग नवी बॅटरी घातलीस तरी तीही उतरणारच बघ.

एवढं करूनही गॅरेज गाठावं लागलं तर खुशाल जा, त्यात कमीपणा कसला? फक्त आकडे कागदावर लिहून ने. ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणू नकोस, ‘सेल्फ दाबल्यावर साडेनऊ दाखवते’ म्हण. बघ मग, तो आधी तपासेल आणि मगच बॅटरीचं नाव काढेल.